करंजाखालची मेस

शाळेत 'झाडांचे उपयोग' हा निबंध ज्याने लिहिला नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. झाडे आपल्याला फळे देतात, फुले देतात, सावली देतात... दहापैकी सात मार्क कुठेच गेले नाहीत! पण त्या निबंधात एक वाक्य कधीच नसतं. झाड जे देतं ते फक्त आपल्यालाच देत नाही. सावलीबरोबर पक्षी येतात, पक्ष्यांबरोबर सीटवरची 'नक्षी' येते, किडे-मुंग्या येतात आणि झाड फुलणारं असेल तर मधमाश्या येतात. हे सगळं मिळून एक पॅकेज असतं. (पॅकेज हा शब्द आपल्याकडे फायनल इयरवाल्यांच्या मालकीचा आहे याची कल्पना आहे, पण इथे तोच चपखल बसतो.) असंच पॅकेजसकट येणारं आपल्या कॅम्पसमधलं झाड म्हणजे करंज.

"कुठला करंज?" असं निम्मे वाचक विचारतील. लेडीज हॉस्टेल आणि मेस यांच्यामधला तो गोल, हिरवागार पसारा आठवा. ज्याच्या सावलीत टू-व्हीलर लावण्यावरून रोज सकाळी वादावादी होते, तोच! तो गुलमोहरासारखा दिखाऊ नाही. गुलमोहर मादागास्करहून आला आणि त्याने सगळ्या कविता पटकावल्या. करंज मात्र इथलाच, ओढ्याकाठी आणि खाडीकाठी वाढणारा, कमी बोलणारा. त्यामुळे चार वर्षं त्याच्याखालून जेवायला जाऊन, त्याचं नावसुद्धा न विचारता पासआऊट झालेले इंजिनिअर आपल्याकडे शेकड्यांनी असतील.

या झाडाचं वर्ष फार मजेशीर आहे. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास जुनी पानं गळतात. काही दिवस झाड उघडं पडतं न पडतं तोच पोपटी, तेल लावल्यासारखी चकचकीत पालवी येते. नेमकं ऊन तापायला लागतं तेव्हा सावली हजर! त्यामागोमाग फुलांचे झुपके येतात. फुलं बारीक, वाटाण्याच्या फुलाच्या घराण्यातली, पांढरट आणि त्यावर जांभळट-गुलाबी झाक. ती गळली की खाली चुरमुरे सांडल्यासारखा सडा पडतो. मग शेंगा धरतात, चपट्या, टोकदार, थेट दिवाळीतल्या करंजीच्या आकाराच्या, आणि आत बहुतेक वेळा एकच बी. या शेंगा पिकायला १० ते ११ महिने लागतात. म्हणजे यंदाची फुलं येतात तेव्हा गेल्या वर्षीच्या शेंगा अजून अंगावर असतात. ए.टी.के.टी.वाल्यांनी हे झाड आपलं मानायला काहीच हरकत नाही!

मेकॅनिकलच्या मुलांना करंज माहीत असतो तो लॅबमधल्या बाटलीवरच्या लेबलमुळे. करंजाच्या बीमध्ये साधारण ३० ते ४० टक्के तेल असतं. कडू, खायला न चालणारं, पूर्वी दिव्यात जाळलं जाणारं. त्यापासून बायोडिझेल करता येतं. पण बाटलीतला करंज आणि मेससमोरचा करंज हे एकच, हे मला तरी कोणत्याही लेक्चरमध्ये कोणी सांगितलं नाही. ते सांगितलं आमच्या माळीमामांनी.

एप्रिल महिन्यात सकाळी नऊ-दहाच्या सुमारास या झाडाखाली उभं राहिलं की डोक्यावर ट्रान्सफॉर्मर बसवल्यासारखा आवाज येतो. वर बघावं तर झुपक्याझुपक्यावर माश्या. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे माझ्यासाठी मधमाशी म्हणजे एकच 'बी', गुबगुबीत, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची आणि चित्रात हसणारी. मामांनी ती समजूत पहिल्याच दिवशी मोडीत काढली.

"ताई, ह्या समद्या एक न्हाईत. नीट बघा. ही मोठी हाय ती आग्या. ही मधली सातेरी. आन् ही बारकी फुलोरी."

मग ती शिकवणी पंधरा दिवस चालली. आग्या सगळ्यांत मोठी. तिचं एकच भलंमोठं पोळं उघड्यावर लटकतं, उंच झाडाला, कड्याला, नाहीतर पाण्याच्या टाकीखाली. नावातच आग आहे, त्यामुळे तिच्या घराशी मस्करी नाही. सातेरी अंधाऱ्या जागी राहते, झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत. तिच्या पोळ्याचे अनेक पडदे एकाशेजारी एक असतात. पेटीत पाळतात ती हीच. फुलोरीचं पोळं तळहाताएवढं, एखाद्या फांदीभोवती गुंडाळलेलं. आणि चौथी पोयाची माशी, चिलटाएवढी. तिला डंखच नाही. भिंतीच्या फटीतून मेणाची बारीक नळी बाहेर आलेली दिसली तर ते तिच्या घराचं दार समजायचं. हे कळल्यापासून आपल्या वर्कशॉपच्या मागच्या भिंतीकडे मी जरा आदराने बघते.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग एप्रिल २०२४ उजाडला.

त्या महिन्यात हॉस्टेलमध्ये माश्या चावण्याचे प्रकार सुरू झाले. पहिले दोन-तीन सगळ्यांनी हसण्यावारी नेले. पण एका रात्री फर्स्ट इयरच्या एका मुलीला डंख झाला आणि अर्ध्या तासात तिचा चेहरा सुजला, अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला. रेक्टर मॅडमनी स्वतःच्या गाडीतून तिला हॉस्पिटलमध्ये नेलं. वेळेवर इंजेक्शन मिळालं म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी तिचे बाबा आले. त्यांनी आवाज चढवला नाही. ते फक्त झाडाकडे बघत म्हणाले, "मुलगी शिकायला ठेवलीये मॅडम. हे झाड इथे कशाला?"

या प्रश्नाला 'पर्यावरण वाचवा' हे उत्तर देता येत नाही, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होतं.

संध्याकाळपर्यंत अर्ज तयार झाला. 'सदर वृक्ष तोडण्यात यावा अथवा निम्मा छाटण्यात यावा.' शंभराच्या वर सह्या. एक पेस्ट कंट्रोलवाला येऊन फवारणीचा दर सांगून गेला. अर्ज माझ्या खोलीत आला तेव्हा मी म्हटलं, सही नंतर, आधी कोणाकोणाला कुठे आणि किती वाजता चावली ते तरी लिहून काढू. मशीन बंद पडलं की आपण आधी फॉल्ट कुठे आहे ते बघतो. सगळं मशीनच भंगारात काढत नाही!

रूममेट आणि मी खोल्याखोल्यांतून फिरलो. एकूण सात डंख निघाले. पाच तिसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यात, रात्री आठ ते अकराच्या दरम्यान. त्यांतले तीन तर अनवाणी पायाखाली माशी आल्याने. एक गच्चीवर कपडे वाळत घालताना. एक मेसच्या बेसिनपाशी, नळावर पाणी प्यायला बसलेल्या माशीवर हात पडल्यामुळे. आणि झाडाखाली? शून्य. दिवसभर शेकडो मुली ज्याच्याखालून जातात-येतात, गाड्या काढतात-लावतात, त्या झाडाखाली एकही नाही.

तो कागद मामांना दाखवला. त्यांनी कागदाकडे बघितलंही नाही, मान वर करून गच्चीकडे बोट दाखवलं. पाण्याच्या टाकीच्या स्लॅबखाली आग्याचं पोळं होतं, परातीएवढं. आम्ही रोज त्या टाकीचं पाणी प्यायचो आणि वर कोणी बघितलं नव्हतं.

"माशी फुलावर असती तवा ती कामावर असती," मामा म्हणाले. "कामावरल्याला सवड कुठली भांडायला? घरात शिरलं तर कुनीबी मारंल."

हॉस्टेलच्या भाषेत सांगायचं तर करंज ही माश्यांची मेस आहे आणि पोळं हे त्यांचं हॉस्टेल. मेसमध्ये कोणी कोणाशी भांडायला जात नाही, जो तो आपलं ताट सांभाळतो. पण हॉस्टेलवर कोणी परका चालून आला तर सगळी विंग बाहेर पडते! मधमाशी डंख मारते ती मुख्यतः पोळं वाचवायला, किंवा स्वतः चिरडली गेली तर. डंख मारणं तिला परवडणारं नसतं. तिचा काटा आकडेदार असतो. तो आपल्या कातडीत अडकतो, विषाच्या पिशवीसकट तुटतो आणि ती मरते. त्या काट्यातून एक वास सुटतो, त्यातला मुख्य पदार्थ आयसोअमाइल ॲसिटेट, पिकलेल्या केळ्याच्या वासाचा. केमिस्ट्रीच्या जर्नलमधलं एस्टर आठवतंय? तेच. माश्यांच्या भाषेत त्याचा अर्थ 'इथे या, इथे मारा'. म्हणून पोळ्याजवळ एक डंख झाला की मागोमाग दहा होतात.

आणि रात्री व्हरांड्यात? आग्या माशी ही अंधारातही, विशेषतः चांदण्यात, उडू शकणारी माशी आहे आणि ती झगझगीत दिव्याकडे खेचली जाते. पी.एल.मध्ये आमच्या तिसऱ्या मजल्याच्या ट्यूबा रात्रभर चालू. टाकी वर, दिवे खाली. दिव्यावर आपटून माश्या जमिनीवर पडायच्या आणि अभ्यासातून डोळे चोळत उठलेल्या मुलीच्या पायाखाली यायच्या. यात करंजाचा संबंध कुठे आला?

संबंध एवढाच, की त्या माश्या दिवसा करंजावर जेवत होत्या. मग 'मेसच बंद केली तर हॉस्टेल रिकामं होईल' असं आमच्यातल्या काहींचं म्हणणं पडलं. पण मधमाशी काही किलोमीटर लांब जाऊन अन्न आणते, आणि सापडलेल्या जागेचा पत्ता पोळ्यावर नाचून इतरांना सांगते. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने ही भाषा उलगडली आणि १९७३ च्या नोबेल पारितोषिकात त्याचा वाटा होता. ती नाचते ते पोट हलवत एका सरळ रेषेत. ही रेष उभ्या पोळ्यावर उभ्या दिशेशी जेवढा कोन करते, तेवढाच कोन सूर्याची दिशा आणि फुलांची दिशा यांच्यात असतो. आणि हा पोट हलवण्याचा वेळ जितका जास्त, तितकं अंतर जास्त. म्हणजे पत्ता सरळ पोलर को-ऑर्डिनेट्समध्ये! आर आणि थीटा! ज्या विषयात आपले निम्मे लोक लटकतात तो ही माशी अंधारात, पोटाने सोडवते. तिला एक करंज तोडून उपाशी ठेवता येईल ही आशा फोल होती. झाड गेलं असतं, पोळं राहिलं असतं, सावली गेली असती आणि पाय तिथेच भाजले असते.

रेक्टर मॅडमनी मीटिंग बोलावली तेव्हा आमचा सात डंखांचा कागद टेबलावर होता. इस्टेट ऑफिसच्या साहेबांनी आणखी एक गोष्ट सांगितली. शहरी भागात झाड तोडायचं तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण व जतन कायद्याप्रमाणे आधी परवानगी घ्यावी लागते, कॉलेजची भिंत मधे आहे म्हणून ते झाड आपलं खाजगी होत नाही. फवारणीचा प्रस्ताव मॅडमनी एका वाक्यात निकालात काढला. "पिण्याच्या पाण्याच्या टाकीवर विष मारायचं?" सगळे गप्प.

मग जे ठरलं ते अगदी साधं होतं. गच्चीचा दरवाजा बंद. तिसऱ्या मजल्यावर टाकीच्या बाजूच्या ट्यूबा काढून मंद पिवळे दिवे, खिडक्यांना जाळ्या. रात्री व्हरांड्यात अनवाणी फिरायचं नाही. मेसच्या मागे उथळ पराती ठेवून त्यात पाणी आणि गोटे, म्हणजे माश्या बेसिनऐवजी तिथे पाणी प्यायला जातील (गोटे नसले तर त्या बुडतात). आणि फर्स्ट एडच्या पेटीवर एक कागद: डंख झाला की काटा ताबडतोब नखाने खरवडून काढा, कसा काढावा याच्या चर्चेत वेळ घालवू नका, जागा साबणाने धुवा, बर्फ लावा, श्वास लागला, ओठ-चेहरा सुजला, चक्कर आली किंवा अंगभर गांधी उठल्या तर थेट हॉस्पिटल. पावसाच्या तोंडावर आग्यामाश्या आपण होऊन पोळं सोडून निघून गेल्या. नंतर स्लॅबखाली जाळी बसवली. पुढच्या एप्रिलमध्ये, २०२५ मध्ये, करंज तसाच फुलला, तोच ट्रान्सफॉर्मर डोक्यावर वाजत राहिला, आणि वह्यांत लिहिण्यासारखा डंख एकही झाला नाही.

ती फर्स्ट इयरची मुलगी अजूनही झाडाखालून जात नाही. लांबून वळसा घालून मेसमध्ये येते. त्यावर कोणी हसत नाही. ज्याचा श्वास अडकलाय त्याने किती घाबरावं हे बाकीच्यांनी ठरवायचं नसतं.

माझी एक मैत्रीण सातारा जिल्ह्यातली. ती म्हणाली, आमच्याकडे लोक माश्यांना बोलावतात आणि तुम्ही हाकलता. खरंच आहे. महाबळेश्वरजवळचं मांघर हे गाव २०२२ मध्ये राज्यातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. माश्या आणि माणसं शेजारी राहू शकतात. फक्त कोणाचं घर कुठे आहे ते दोघांनाही माहीत हवं.

झाड वाचलं, आता आनंदीआनंद, असं आम्हाला वाटत होतं. तेव्हा मामांनी आम्हाला झाडाच्या बुंध्यापाशी नेलं. आधीच्या वर्षी पार्किंगचं काम झालं होतं. ज्याने ते केलं त्याने पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट थेट खोडाला भिडवलं होतं. दिसायला एकदम टापटीप. पण मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, आणि पाणी-हवा शोषणारी बारीक मुळं जमिनीच्या वरच्या थरातच जास्त असतात. काँक्रीटखाली ती हळूहळू गुदमरतात. शेंड्याच्या दोन फांद्या वाळल्या होत्या त्या त्यामुळेच, असं मामांचं म्हणणं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांबाबत खोडाभोवती १ मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. ते वाचून दाखवल्यावर परवानगी मिळाली आणि सिव्हिलच्या मुलांनी एका रविवारी छिन्नी-हातोड्याने खोडाभोवतीचं एक मीटरचं काँक्रीट फोडलं. आयुष्यात पहिल्यांदा सिव्हिलवाल्यांनी बांधकाम मोडून टाळ्या घेतल्या!

त्याच मे महिन्यात आम्ही झाडाखालच्या पिकलेल्या शेंगा गोळा केल्या. करंजाची रोपं करणं अवघड अजिबात नाही. शेंग फोडून ताजं बी घ्यायचं, रात्रभर पाण्यात भिजवायचं आणि माती-शेणखताच्या पिशवीत पेरायचं. दोन आठवड्यांच्या आसपास कोंब दिसतो. आमच्या पिशव्या वर्षभर मामांच्या शेडमागे होत्या. मे २०२५ मध्ये बॉइज हॉस्टेलच्या रस्त्याकडेला दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट खोल असे १२ खड्डे खणले, महिनाभर उन्हात तापू दिले आणि जुलैत, पाऊस धरल्यावर, रोपं लावली. दोन झाडांत आठ मीटर अंतर. इमारतीपासून लांब, विजेच्या तारांखाली एकही नाही. लावतानाच तारांचा विचार केला नाही तर वीस वर्षांनी झाडाला दर पावसाळ्याआधी कुऱ्हाड खावी लागते.

सांभाळायचं म्हणजे काय करायचं? मामांच्या तोंडून ऐकलेलं थोडक्यात सांगते. पाणी खोडावर ओतायचं नाही, खोडापासून हातभर लांब गोल आळं करून त्यात द्यायचं. रोज तांब्याभर देण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा बादलीभर द्यायचं, म्हणजे मुळं पाण्याच्या मागे खाली जातात. आळ्यात वाळलेल्या पानांचा जाड थर ठेवायचा. कॅम्पसमधली पानं जाळायची नाहीत. करंजाच्या पानांचं तर उत्तम खत होतं. शेतकरी ती शेतात गाडायचे. करंजाच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांतले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरतात, त्यामुळे युरियाचे लाड नकोत. खालच्या फांद्या एकदम छाटायच्या नाहीत, खोड जाड होत जाईल तशा थोड्या थोड्या काढायच्या. मोठ्या झाडाला फुलांच्या आधी कात्री लावायची नाही. पानांवर पुटकुळ्या आल्या तर घाबरायचं नाही. अगदी बारीक कोळी-किड्यांमुळे त्या येतात, दिसायला वाईट, पण झाड त्याने मरत नाही. त्यासाठी औषध मारलं तर फुलांच्या दिवसांत पहिल्या माश्याच मरतील. आणि खोडाला खिळा ठोकून 'सायलेन्स प्लीज'ची पाटी लावायची नाही. झाड आधीच सायलेंट आहे.

पाण्यासाठी मेसच्या आर.ओ. मशीनचं गटारात जाणारं पाणी एका टाकीत घेतलंय. ते थोडं क्षारयुक्त असतं म्हणून त्यात बोअरचं पाणी मिसळतो. करंज खाडीकाठी वाढणारं झाड आहे, थोडा खारेपणा तो सोसतो. एका रोपाला १५ लिटरची बादली, १२ रोपं, आठवड्यातून दोनदा. म्हणजे आठवड्याला ३६० लिटर. हे आकडे बी.ई.च्या प्रोजेक्टला लाजवतील इतके सोपे आहेत. खरं गणित वेगळंच आहे.

करंजाला बीपासून पहिली फुलं यायला साधारण ४ ते ७ वर्षं लागतात. मे २०२४ मध्ये पेरलेल्या बिया २०२८ ते २०३१ च्या दरम्यान कधीतरी फुलतील. मी २०२७ मध्ये पासआऊट होणार. आपला कोर्स चार वर्षांचा, झाडाचा त्याहून लांब. म्हणजे या कॅम्पसमध्ये जो कोणी झाड लावेल तो त्याच्या सावलीत बसायला इथे नसणार, हे जवळजवळ ठरलेलंच. आणि ज्या करंजाखाली आपण गाडी लावतो तोही कुणीतरी लावला आहे, कुणीतरी त्याला तीन-चार उन्हाळे पाणी घातलं आहे. त्याचं नाव कुठेच नाही. पाटी नाही, फोटो नाही, उद्घाटनाची फीत नाही. मामांनाही ते माहीत नाही. ते कामाला लागले तेव्हा झाड उभंच होतं.

पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा जरा वाईट वाटलं होतं. आता वाटत नाही. सिनियर्सनी ठेवलेल्या नोट्स, घासून गुळगुळीत झालेला ड्रॉइंग बोर्ड, खोलीतला तो लंगडा टेबलफॅन, हे सगळं आपण असंच वापरतो. देणाऱ्याचं नाव न विचारता, आणि पुढच्याला देताना फारसा विचार न करता. झाड हे त्याच रांगेतलं. फक्त नोट्सना उन्हाळ्याच्या सुट्टीत पाणी घालावं लागत नाही.

आणि खरी अडचण तीच आहे. रोपं जुलैत लावली जातात, तेव्हा फोटोला पन्नास जण असतात. ती मरतात एप्रिल-मेमध्ये, तेव्हा कोणीच नसतं. या १२ रोपांपैकी ११ जगली आहेत, कमरेएवढी झाली आहेत. यंदाचा, २०२६ चा उन्हाळा हा त्यांचा जमिनीतला पहिला उन्हाळा. हा आणि पुढचा एवढे दोन काढले की मूळ खोल जाईल आणि मग त्यांना आपली फारशी गरज उरणार नाही.

म्हणून आम्ही पाळ्यांची यादी केली आहे. जवळ राहणारे, इंटर्नशिपसाठी थांबणारे, मेसचे दोन काका आणि रेक्टर मॅडमसुद्धा तीत आहेत. लांबून वळसा घालून जाणाऱ्या त्या मुलीने एप्रिलच्या दोन आठवड्यांची पाळी स्वतः मागून घेतली. रोपांना अजून फुलं नाहीत, त्यामुळे माश्याही नाहीत, असं तिचं स्पष्टीकरण. फुलं येतील तेव्हा ती इथे नसेल, हेही तिला माहीत आहे.

१८ मे ते ७ जून या तीन आठवड्यांसमोर मात्र अजून कोणाचंच नाव नाही. यादी मेसच्या दारामागे चिकटवली आहे. पेन दोऱ्याला बांधून ठेवलं आहे.